दगडोबाचं मृत्युपत्र आणि चंद्रीचा रवंथ

एका जंगलात, बाळांनो, तारीख पडल्याशिवाय वाघसुद्धा शिकार करत नसे. तिथल्या एका मोहाच्या ढोलीत सगुणा नावाची खार राहत होती.

मोहाचा मालक दगडोबा अस्वल. म्हातारपणी सगुणाने त्याची सेवा केली. म्हणून त्याने पळसाच्या पानावर मृत्युपत्र केलं, 'झाड सगुणाला.' पान उशाशी ठेवलं आणि एक दिवस तो गेला.

दहाव्याची जेवणं उरकली, पाहतात तो पान गायब. त्यावर सह्या करणारे दोन काजवे केव्हाच विझले होते.

दगडोबाचा भाचा झिपऱ्या म्हणाला, "मामाने स्वतःच फाडलं असणार. ढोली रिकामी कर."

सगुणा रडत कोर्टात गेली. न्यायाधीश होते रानगवा.

ते म्हणाले, "मालकाजवळचं पान सापडत नसेल, तर त्यानेच ते फाडलं असं धरतात. दुसऱ्या कुणी नष्ट केल्याचा पुरावा आहे?"

मागून चंद्री शेळी हळूच म्हणाली, "मी खाल्लं. दहाव्याला. मला पत्रावळ वाटली."

सगुणाने तिच्या गळ्यात पडून तिचे मुके घेतले.

"त्यात लिहिलं काय होतं?" गव्याने विचारलं.

"मास्तरांकडे वाढलेय मी. वाचल्याशिवाय खात नाही. झाड सगुणाला." चंद्री रवंथ करू लागली. "थांबा, पुढची ओळ वर येतेय. पाला चंद्रीला."

दगडोबाने हयातीत चंद्रीला पाहिलंही नव्हतं. पण शेळी खोटी ठरली, तर ढोली जाणार.

सगुणाने मान डोलावली. "बरोबर आहे."

पुढच्या तारखेला झिपऱ्या चंद्रीसाठी बाभळीच्या शेंगा घेऊन आला. तिने त्या खाल्ल्या, रवंथ केला आणि म्हणाली, "झाडावरचं मधाचं पोळं भाच्याला."

"मामा प्रेमळच होता," झिपऱ्या डोळे पुसत म्हणाला.

सगुणा म्हणाली, "बरोबर आहे."

गव्याने घसा खाकरला. "साक्षीदार, सावलीबद्दल काही होतं का?"

चंद्रीने त्याच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ चघळलं.

"दुपारची सावली न्यायाधीशांना."

मृत्युपत्र तिथल्या तिथे सिद्ध झालं. सगुणाला ढोली मिळाली, आणि ती आनंदाने शेपटी फुगवून तीत झोपायला गेली.

तात्पर्य : मृत्युपत्र जपून ठेवू नये. त्यात ज्यांची नावं नसतात, त्यांची फार गैरसोय होते.