आजोबांचं पितळ

मधुसूदनरावांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि सध्या तो सगळा वाचनालयाच्या कमिटीवर होता. महाल वस्तीतल्या वाचनालयापुढे त्यांच्या आजोबांचा, महादेवरावांचा, पितळी पुतळा उभा होता. कमिटी दर पंधरा ऑगस्टला त्याला चंदेरी रंग फासायची. पंचवीस वर्षं! आजोबा आहेत की पत्र्याची पेटी? त्यांनी कमिटीला लिहिलं, ‘या रंगाखालचं पितळ उघडं पाडल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.’

पत्नी प्रमोदिनीबाईंनी पत्र वाचलं. “अहो, तेवढं पितळ खोडा. लोक भलताच अर्थ घेतात.”

“घेऊ देत,” ते कडाडले.

कमिटीने वैतागून परवानगी दिली. आजोबांच्या शंभराव्या जयंतीची आमंत्रणं वाटून झाली. रविवारी अख्खा महाल येणार होता आणि घराण्याची मान ताठ होणार होती.

शनिवारी सकाळी नत्थूजी तांबट शिडीवर चढून पुतळा घासायला लागला. खालून मधुसूदनराव खेकसत होते, ब्रश नरम वापर, बूट सांभाळ. आजोबांच्या पायात जन्मात कुणी वहाणांखेरीज काही पाहिलं नव्हतं. पण पुतळा वडिलांनी खास कलकत्त्याहून ओतून आणलेला, म्हणजे बूट असणारच.

तेवढ्यात पगडी नत्थूजीच्या हातात आली. सिमेंटची होती. खालून मधोमध भांग पाडलेले कुरळे केस निघाले. मधुसूदनरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजोबांची पगडी उतरवली म्हणून त्यांनी नत्थूजीच्या सात पिढ्या उद्धरल्या.

नत्थूजीने खाली उतरून बुटामागचा रंग खरवडला. इंग्रजी अक्षरं निघाली, कर्नल हॉब्सन.

“राजेहो, मले काहून शिव्या देऊन राहिले? थे तुमचे आजोबा नोहेत. सायेब होय थो.”

आता राग वळला तो स्वर्गवासी वडिलांवर. स्वातंत्र्यानंतर साहेबांचे पुतळे जागोजाग उतरवले जात होते, नेमके तेव्हाच ते कलकत्त्याला गेले होते! आजोबा इंग्रजाची सावली अंगावर पडू देत नसत, आणि नातू पंचवीस वर्षं कर्नलला हार घालत होता. दातओठ खाऊन झाल्यावर मधुसूदनरावांनी खालच्या आवाजात विचारलं, “चंदेरी रंग आहे का रे?”

“हाय ना. पन पगडी?”

“सिमेंट मी आणतो.”

रविवारी कमिटीच्या अध्यक्षांनी ते पत्र मुद्दाम मोठ्याने वाचलं. लोक चकचकीत चंदेरी पुतळ्याकडे बघू लागले. मधुसूदनराव उठले आणि संतापून म्हणाले, पितळ टिकवायचं तर वर रंग हवाच, एवढंही कळत नाही का तुम्हाला! प्रमोदिनीबाईंनी पदर तोंडाला लावला.

हार मात्र मधुसूदनरावांनी पायाशीच ठेवायला लावला. पगडी अजून ओली होती.