सबनीसवकिलांची तहान

महाडच्या कोर्टात मुरारी सबनीस वकील उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, खैरकोंडच्या विहिरीचं पाणी म्हणजे अमृत आहे! मी स्वतः प्यायला तयार आहे." झालं! जीभ घसरली ती घसरली. समोर सरकारच्या बाजूने नीला साळवी उभ्या होत्या. त्यांनी लगेच अर्ज टाकला की मग स्थळपाहणीच होऊन जाऊ दे.

या नीलाबाई एकेकाळी सबनीसांच्याच हाताखाली शिकलेल्या. कारण सबनीस आधी स्वतःच सरकारी वकील होते, तेही प्रदूषणाच्या खटल्यांचे. नदीत एक मासा उलटा तरंगला तरी ते टेबलावर मुठी आपटायचे. आज ज्यांची बाजू ते मांडत होते त्याच सुगंधा केमिकल्सला त्यांनी असं जेरीला आणलं होतं की शेठचं जेवणावरून मन उडालं. शेवटी शेठने शहाणपणा केला. ज्याची शिंगं लागतात तो बैल आपल्याच गोठ्यात बांधावा, म्हणून सबनीसांनाच वकीलपत्र दिलं. सबनीसांनी नोकरी सोडली, फियाट घेतली, आणि खैरकोंडचा जो पऱ्या, म्हणजे ओढा, काल त्यांना काळाकुट्ट दिसत होता तो निवळशंख दिसायला लागला. पूर्वी स्वतःच काढलेल्या नोटिशींना ते आता स्वतःच उत्तरं लिहीत, आणि "सदर नोटीस अत्यंत बेजबाबदारपणे काढलेली दिसते" असं खुशाल ठोकून देत. लाज म्हणाल तर ती सरकारी कपाटातच राहून गेली होती.

हा खटला जिंकला तर औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांचं काम सबनीसांकडे येणार होतं. हरला तर सुगंधाला सांडपाणी बंद करून वाडीला नळ द्यावा लागणार होता, आणि सबनीसांना नारळ मिळणार होता.

एप्रिलच्या रखरखीत उन्हात मॅजिस्ट्रेटसाहेबांची जीप खैरकोंडच्या बौद्धवाडीत आली. मागून फियाटमधून सबनीस आणि कारखान्याचे मॅनेजर शेट्ये. पऱ्याचं पाणी हळदीसारखं पिवळं. वास असा की साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"करंज फुललाय साहेब," सबनीस म्हणाले. "या दिवसांत असाच वास सुटतो."

पाहणी झाली. वाडीतल्या गीताबाईंच्या पडवीत सगळे टेकले. सबनीसांच्या खांद्याला घरून उकळून आणलेल्या पाण्याची वॉटरबॅग होती. पाहणीला गेल्यावर तिथलं पाणी तोंडाला लावायचं नाही, हा त्यांचा सरकारी नोकरीतला नियम. नीलाबाईंना तो ठाऊक होता, कारण त्यांना तो सबनीसांनीच शिकवला होता. त्या वॉटरबॅगेकडे बघत राहिल्या.

गीताबाई ताट घेऊन बाहेर आल्या. "उनातनं आलात. गूळपानी घ्या."

"कुठलं पाणी?" मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं.

"इहिरीचंच की! वकीलसाहेब बोलले ना, अमृत हाय? म्हंटलं, पाव्हन्यांना त्येच देऊया."

साहेबांनी पुढे केलेला हात हळूच मागे घेतला. "मग आधी वकीलसाहेब."

"मला तहान नाही," सबनीस म्हणाले. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि कोट पाठीला चिकटला होता.

"नाय कशी? घशाला कोरड पडलीय तुमच्या."

"आज उपास आहे माझा."

"उपासाला पानी चालतंय," दारातून कुणीतरी बाई म्हणाली, आणि मागे खसखस पिकली.

कोपऱ्यात भागोजी गुरुजी बसले होते, शाळेतून निवृत्त झालेले. ते शांतपणे म्हणाले, "राहू दे गो गीता. आग्रह करू नकोस. आपल्या वाडीतलं पाणी काही लोकांना अजून चालत नाही."

असलं बोलणं, आणि तेही महाड तालुक्यात! मागच्याच महिन्यात चवदार तळ्याकाठच्या सभेत सबनीसांनी "पाण्याला जात नसते, बंधूंनो!" असं गर्जून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. गुरुजी पहिल्याच रांगेत होते. खटला गेला तर जाईल, पण हा डाग पडला तर महाडात तोंड दाखवायची सोय नाही.

"गुरुजी, भलतंच काय बोलताय!" ते ताडकन उठले. "जातीचा काय संबंध? तुमच्या हातचं मी केव्हाही पिईन! अहो, पाणी घाण आहे म्हणून पीत नाही!"

नीलाबाई उठून उभ्या राहिल्या. "साहेब, याची नोंद व्हावी."

कारकुनाने लिहायलाही घेतलं. आता मात्र सबनीसांचं भान सुटलं. "थांबा! मी पितो! आत्ता पितो!" म्हणत त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला. तोच मॅनेजर शेट्ये झेपावले आणि त्यांनी दोन्ही हातांनी सबनीसांचं मनगट धरलं.

"वेडे झालात का, सबनीससाहेब? बायकापोरं आहेत तुम्हाला! कालच सांडपाण्याची टाकी सोडलीय आपण!"

"शेट्ये, गप्प बसा हो!"

"ह्यांचंही घ्या लिहून," मॅजिस्ट्रेटसाहेब म्हणाले.

गीताबाईंनी पेला काढून घेतला आणि अंगणात उपडा केला. "आमी कुटं पिऊ देनार होतो? हात धराया मी उभीच होती. आमी पोरांनाबी डोंगरावरच्या झऱ्याचं पाजतो. बसा, त्येच आनते."

पुढचं सांगायला नकोच. सुगंधाला सांडपाणी बंद करावं लागलं, सबनीसांना नारळ मिळाला, आणि पुढच्या मार्चपर्यंत वाडीत नळ आला. नळाच्या उद्घाटनाला सबनीस न बोलावता हजर! दारावर त्यांनी नवी पाटी लावली होती, 'ग्रामीण पाणीप्रश्नांचे वकील'. माईक हातात घेऊन म्हणाले, "खैरकोंडला हे पाणी कुणामुळे मिळालं, ते मी माझ्या तोंडाने सांगणार नाही!"

"खोटं नाय बोलत रे ते," गीताबाई शेजारच्या पोराला म्हणाल्या. "त्यांनीच तर मिळवून दिलं."

मग त्या नळाचं पाणी घेऊन पुढे झाल्या. सबनीसांचा हात सवयीने वॉटरबॅगेकडे गेला. गुरुजी बघत होते. हात परत आला.

"प्या, साहेब. वकीलबाई आदी पिऊन गेल्यात."

सबनीसांनी हसून पेला उचलला, आणि ओठाला लावण्याआधी गर्दीत कुठे शेट्ये दिसतायत का, ते एकदा नीट बघून घेतलं.