मागची सहा बाकं

"मागची सहा बाकं हलली, की आपलं चर्च भरलंच म्हणून समज!" असं पाद्रीबुवा ऑस्विन पेलिंग यांनी नाश्त्याच्या टेबलावर बायकोला ठणकावून सांगितलं. जेनेटने टोस्टला मुरंबा लावता लावता विचारलं, "कोण भरणार?" पण असल्या बारीक प्रश्नांसाठी पाद्रीबुवांना वेळ नव्हता.

हॅथर्सले गावच्या चर्चमध्ये रविवारी जेमतेम नऊ माणसं यायची आणि एक म्हातारी कुत्री. प्रवचनभर जागी असायची ती कुत्रीच. बिशपसाहेबांच्या कचेरीने स्पष्ट बजावलं होतं: वर्षअखेरीपर्यंत माणसं वाढली नाहीत, तर चर्चला कुलूप आणि पाद्रीबुवांची बदली. म्हणून हा बेत. मागची बाकं काढून तिथे गोल टेबलं, मऊ खुर्च्या आणि कॉफीचं यंत्र ठेवायचं. माणसं कॉफीला येतील आणि कॉफी पिता पिता देवाकडे वळतील.

आता, इंग्लंडात चर्चमधला खिळासुद्धा पाद्र्याच्या मर्जीने हलत नाही. त्यासाठी चर्चचं स्वतःचं न्यायालय आहे, त्याची परवानगी लागते. एरवी ती गुपचूप टपालाने येते. पण हॅथर्सलेत मिसेस थर्झा ओल्डरॉयड राहत होत्या. वय ऐंशीच्या पुढे, आणि पाठ त्या बाकांसारखीच ताठ. शेवटच्या बाकाचा कोपरा ही त्यांची कायमची जागा. त्यांनी हरकत घेतली.

"पण बाई, तुम्ही सोडलात तर ती बाकं सदा रिकामी असतात," पाद्रीबुवांनी समजूत घालून पाहिली.

"त्यात बाकांचा काय दोष?" थर्झाबाई म्हणाल्या. "तुम्ही प्रवचन जरा आखडतं घेऊन बघा."

झालं, खटला उभा राहिला. अशा खटल्याची सुनावणी त्याच चर्चमध्ये होते, म्हणजे वादातली वस्तू न्यायाधीशांना डोळ्यांनी पाहता येते. पाद्रीबुवांच्या वकिलाला हे फारच सोयीचं वाटलं. त्या बाकांवर थर्झाबाईंखेरीज कुणीही बसत नाही, एवढा एकच मुद्दा होता. न्यायाधीशांनी मान वर केली की तो सिद्ध! पाद्रीबुवांनी काही न बोलता गप्प बसायचं, एवढंच काम वकिलाने त्यांना दिलं.

तेच त्यांना जमण्यासारखं नव्हतं. इतकी वर्षं दारोदार देवाचं बोलावणं पोचवून पोचवून त्यांच्या जिभेला वळणच पडलं होतं. बोलणं हवेवरून सुरू होवो की कोबीवरून, शेवट "या ना एकदा चर्चमध्ये" असाच व्हायचा. त्यामुळे खाटीक ओबेड थ्वेटने बाकांच्या भांडणाची चौकशी केली, तेव्हा सगळी हकीकत सांगून झाल्यावर ते सवयीने म्हणाले, "बुधवारी आहे. या ना."

"किती वाजता?" ओबेडने विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता! पाद्रीबुवा हरखून गेले. त्या आनंदाच्या भरात त्यांनी सगळ्या गावाला आमंत्रण दिलं, वर चहा आणि केकही कबूल केला.

बुधवारी अख्खं गाव लोटलं. आणि चर्चमध्ये शिरलेला इंग्रज माणूस जिथे बसतो, तिथेच सगळे बसले. म्हणजे मागे. पुढच्या बाकावर बसणं म्हणजे आपण फार धार्मिक असल्याचा गवगवा करणं, आणि तेवढा आगाऊपणा हॅथर्सलेत कुणी करत नसे. पुढची सगळी बाकं मोकळी आणि मागच्या सहा बाकांवर माणसं दाटीवाटीने, एकमेकांच्या कोटांवर बसलेली! पाद्रीबुवा हात जोडून "पुढे या, पुढे या" करत फिरले. सगळ्यांनी हसून माना डोलावल्या आणि जागचं कुणी हललं नाही.

न्यायाधीशबाई आल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पेलिंगसाहेब, वादातली बाकं कुठली?"

पाद्रीबुवांनी बोट दाखवलं.

"जिथे बसायला जागा उरलेली नाही, ती?"

"आज उरलेली नाही. एरवी असते," पाद्रीबुवा पुटपुटले.

"ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला!" मागून ओबेड ओरडला. पाद्रीबुवांचा शब्द ऐकण्यासाठी गावातलं माणूस धडपडतंय, असं प्रथमच घडत होतं.

मग थर्झाबाईंची साक्ष झाली. बाक बसायला कसं आहे, असं वकिलाने विचारताच त्या म्हणाल्या, "भयंकर. पाठीचं भुस्कट होतं." वकिलाचा चेहरा खुलला. "पण तिथून माणसाला गुपचूप येता येतं आणि गुपचूप जाता येतं. माझा नवरा जन्मभर तसाच आला. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी गोल टेबलाशी बसवून नाव-गाव विचारलंत, तर तो परत यायचा नाही."

ते मात्र पाद्रीबुवांना आतून पटलं. त्याचाच त्यांना फार राग आला.

चहा झाला. जेनेटच्या केकचे दोन तुकडे खाऊन न्यायाधीशबाईंनी अर्ज फेटाळला. बाकांचा उपयोग अर्जदाराने स्वतःच इतक्या मेहनतीने सिद्ध केल्याबद्दल त्यांनी त्यांचे आभारही मानले. मागच्या सहा बाकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पुढच्या रविवारी पाद्रीबुवा खाली मान घालून वेदीपुढे उभे राहिले. मान वर केली, तर मागच्या बाकावर ओबेड. तो बुधवारी विसरलेली टोपी न्यायला आला होता. पण प्रार्थना सुरू झाल्यावर उठून जाणं बरं दिसेना, म्हणून बसून राहिला. त्याच्या शेजारी त्याची बायको, एवढा वेळ कुठे अडकला ते बघायला आलेली. आणि पलीकडे आणखी पाच-सहाजण, पुढे काय झालं ते कळावं म्हणून आलेले. सगळे अर्थातच मागे.

सोमवारी बिशपसाहेबांच्या कचेरीतून फोन आला. बुधवारच्या गर्दीची बातमी तिथे पोचली होती. असा यशस्वी उपक्रम पुन्हा कधी घेणार, असं विचारत होते. कुलपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पाद्रीबुवांनी घसा साफ केला आणि कळवतो म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारी दारात हस्तांदोलन करताना थर्झाबाई जरा थांबल्या. "पाद्रीबुवा, तो मधला लाल गालिचा काढायचा तुमचा विचार आहे का? असला तर आत्ताच सांगा. हरकत मी घेईन. केक मात्र जास्त करायला सांगा."

पाद्रीबुवांनी गालिच्याकडे पाहिलं. गालिचा उत्तम होता, दोनच वर्षांपूर्वी टाकलेला.

"काढायलाच हवा," ते म्हणाले. "या ना."