ढोबळे काकांचं बिल

दर मंगळवारी सकाळी बरोबर दहाला ढोबळे काका आमच्या खासदाराच्या ऑफिसात फोन लावतात आणि विचारतात, "माझं बिल कुठवर आलं?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, विजेचं बिल चुकलं असेल. पण काकांचं बिल म्हणजे वॉशिंग्टनमध्ये अडकलेला एका कायद्याचा मसुदा. देशात जास्त घरं बांधली जावीत, ती साध्या माणसाला परवडावीत, आणि गावांनी आपले आडमुठे नियम जरा सैल करावेत, म्हणून. फोन उचलणारी एमिली आता काकांना आवाजावरून ओळखते. "मिस्टर डोबले, अजून काही हललं नाही. तुमचा गुडघा कसा आहे?" मग पाच मिनिटं गुडघा. फोन ठेवला की काका मला म्हणतात, "सरकार वाईट नाही पोरी. हळू चालून राहिलं, एवढंच. त्याचाही गुडघा दुखत असेल."

मी त्यांच्या शेजारी राहते आणि घरूनच काम करते, म्हणून मंगळवारचा चहा त्यांच्याकडे. काका मूळचे नागपूरचे. ओहायोत येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली, पूल बांधणारे इंजिनिअर म्हणून रिटायर झाले, पण बोलणं अजून तिथल्या धंतोलीतच राहतं. दोन हिवाळ्यांपूर्वी काकू गेल्या. तेव्हापासून बिल.

बिलाची छापील प्रत एका कापडी पिशवीत असते आणि पिशवी काकांच्या खांद्याला. गणपतीची आरती संपून लोक प्रसादाकडे वळले, की मागून आवाज येतो, "एक कलम वाचून दाखवतो, ऐका." एका बारशाला आईबापांनी बाळ पुढे केलं, काका आशीर्वाद द्या म्हणून. काकांनी डोक्यावर हात ठेवला. "मोठा हो. आणि याच गावात तुला घर मिळो." आईनं 'म्हणजे काय?' अशा नजरेनं नवऱ्याकडे बघितलं. काका ज्या टेबलाशी बसतात, तिथल्या लोकांना समोसे आणायला वारंवार उठावं लागतं.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या जागेवर लहान घरं आणि अपार्टमेंट बांधायचा प्रस्ताव आला. व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. ट्रॅफिक वाढेल, शाळेत गर्दी होईल, घरांच्या किमती पडतील. विरोधाचा एक अर्ज फिरला. मी सही केली. खरं सांगायचं तर फार विचार केला नाही, सगळे करत होते. काकांना मात्र सांगितलं नाही.

गावच्या कौन्सिलनं तो अर्ज सह्यांसकट वेबसाइटवर टाकला. पुढच्या मंगळवारी काकांनी नेहमीसारखा चहा केला, आलं किसून घातलं आणि कप माझ्यापुढे ठेवत म्हणाले, "तुझी सही पाहिली. सुंदर करते तू सही."

मी कप बाजूला सरकवला. "काका, ट्रॅफिक खरंच वाढेल हो."

"वाढंल ना. काऊन नाही वाढणार?" ते म्हणाले. "गुरुवारी कौन्सिलच्या मीटिंगला नेशील का मला? अंधार पडल्यावर आता गाडी नाही चालवता येत."

नेलं. सभागृहात निम्मी आपली मराठी मंडळी होती. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. काकांचा नंबर आला तेव्हा सगळ्यांनी पिशवीकडे बघून सुस्कारा सोडला. पण काकांनी पिशवी खुर्चीवरच ठेवली आणि रिकाम्या हातांनी माइकपाशी गेले.

"माझी बायको दीड वर्ष अंथरुणावर होती," ते इंग्रजीत म्हणाले. "डेनिस नावाची बाई तिला सांभाळायला यायची. आधी ती इथून दहा मिनिटांवर राहायची. भाडं वाढलं, ती लांब गेली. परत वाढलं, अजून लांब गेली. शेवटी सव्वा तास लागायचा तिला. शेवटच्या सकाळी बर्फ पडत होता. बायको विचारत होती, डेनिस आली का? मी म्हणत होतो, वाटेत आहे. चार वेळा विचारलं तिनं." समोर वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. "थँक यू," म्हणाले आणि खाली बसले.

निर्णय पुढच्या महिन्यावर गेला. गाडीत मी सहीबद्दल काहीतरी पुटपुटले. काकांचं लक्ष नव्हतं.

"तुझी काकू गेल्यावर चाळीस मिनिटांनी पोचली डेनिस," ते म्हणाले. "दारातच उभी. आत यायलाच तयार नाही. सॉरी, सॉरी म्हणून रडून राहिली. त्यानंतर माझा फोन नाही उचलला तिनं कधी. तिला वाटते, तिचं चुकलं."

"मग मेसेज करून सांगा ना, चूक नव्हती म्हणून."

"घरात बसून समजूत काढली तर तिला वाटंल, म्हातारा दया करून राहिला. आज गावासमोर बोललो. ते ऐकलं पाहिजे तिनं." थोड्या वेळानं म्हणाले, "याचा व्हिडिओ मिळते का?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या फोनवरून व्हिडिओ पाठवला. खाली काकांनी एका बोटानं इंग्रजीत दोन वाक्यं टाइप केली आणि स्पेलिंग तपासायला माझ्याकडे दिली. 'तू उशिरा आली नाहीस. घर लांब होतं.' दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. घरी येऊन मी कौन्सिलला ईमेल केला, अर्जावरचं माझं नाव काढा.

शनिवारी दुपारी मी त्यांना पोहे द्यायला गेले होते, तेव्हा फोन वाजला. काकांनी नाव बघितलं आणि उभ्याचे बसले. "हॅलो, डेनिस." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. "नो, नो. ती एकटी नव्हती. मी होतो ना. हात धरून होतो." पलीकडे रडण्याचा आवाज मलाही येत होता. "पुढच्या रविवारी जेवायला ये. रस्ता चांगला असेल तरच निघ. आम्ही थांबू."

मग फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळले. डोळे भरले होते, आवाज मात्र अगदी कामाचा. "तिला पाटोडीचा रस्सा आवडते. हिच्या हातचा खाल्ला आहे तिनं. तुला येते का करता?"

मी पुण्याची. पाटोडी, म्हणजे ती बेसनाची वडी, मी आयुष्यात एकदा खाल्ली असेल, तीही कुणाच्या तरी लग्नात.

"येतो की," मी म्हटलं, आणि घरी जाऊन डब्यात बेसन किती आहे ते बघितलं.