वांग्याची मुळं मागणारे सर

आमच्या सरांना वांगी नको असायची, वांग्याची मुळं हवी असायची. कुणी शेतकरी प्रेमानं टोपलीभर वांगी घेऊन आला की हात जोडायचे. "वांगी घरी न्या, काका. गाठी आलेलं मूळ आणलंय का?"

मी परभणीच्या शेतकी कॉलेजात त्यांच्या काचेच्या ताटल्या धुवायची, रोजंदारीवर. मुळांच्या गाठींतून काढलेले, डोळ्यांना न दिसणारे, दोऱ्यासारखे किडे सर त्या ताटल्यांत ठेवत. दार वाजलं की ओरडत, "हळू! लेकरं हायेत."

शिपाई विचारायचा, "सर, लेकरांला दूध पाजलं का?"

"तुज्यापेक्षा शहाणी हायेत ती."

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या हिवाळ्यात सर एक इंग्रजी मासिक घेऊन माझ्याजवळ आले. मी चौथी शिकलेली. पण त्यांचं ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

"सुमनबाई, एका किड्याच्या जनुकांत लय बारका तुकडा सापडलाय. सोता काहीच बनवत न्हाई. फक्त एका मोठ्या जनुकाला सांगतो, बस झालं, आता गप. मग किडा मोठा होतो."

"आन् तुकडा नसला तर?"

"तर बालपणच परत परत करत राहतो. वय वाढतं, किडा मोठा होत न्हाई."

मी कोपऱ्यात पाहिलं. तिथं त्यांची लेक नलू फरशीवर खडूनं घर काढत होती. सव्वीस वर्षांची. आई गेल्यापासून सर तिला रोज सोबत आणत.

सरांनी परदेशात पत्र लिहिलं: असा तुकडा माणसात असतो का? मग पोस्टमनची सायकल दिसली की हातातली मुळं टाकून धावायचे.

उन्हाळ्यात उत्तर आलं. उभ्यानंच वाचलं.

"काय म्हणत्यात, सर?"

"आतापर्यंत किड्यातच दिसलाय. माणसात ठाऊक न्हाई." थोडं हसले. "चांगली माणसं. खोटी आशा लावली न्हाई."

मग विचारलं, "तुमचं वय किती, सुमनबाई?"

"पस्तीस असंल."

"माजं अठ्ठावन्न."

त्यांनी खिशातून लाल कंगवा काढला. नलूची वेणी ते स्वतः घालत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. कंगवा माझ्या हातात दिला.

"आजपासून तुमी घाला. तिला तुमच्या हाताची सवय व्हायला पायजे."

नलू मान हलवत राहिली. मी हळूहळू गुंता सोडवला. सर पाठमोरे बसून सूक्ष्मदर्शकात बघत होते. खाली ताटली ठेवलेलीच नव्हती.