तिसऱ्या ठाण्याच्या मुतालिकाची हकीकत

श्री. ज्या देवास देऊळ नाहीं, पुजारी नाहीं, आणि जो मैदानाचे कडेस मागल्या कट्ट्यावर बसून दुसऱ्यांचीं पागोटीं सांभाळितो, त्यास प्रथम नमन. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, कार्तिक मासापासून फाल्गुन मासापावेतों एका मुलखीं चेंडूफळीचा जो संग्राम जाहला त्याची हकीकत ऐसी जे. मुलखाचें नांव लिहीत नाहीं. लिहिलें तर त्यांणीं म्हणावें आमचें नव्हे, न लिहिलें तर प्रत्येकानें मनांत ओळखावें, हें बरें.

त्या मुलखाचे आणि शेजारच्या मुलखाचे मधोमध एक टेकडी, तिजवर निशाणाची काठी, आणि हंगामाचा शेवटला सामना जो जिंकेल त्याचें निशाण वर्षभर तेथें फडकावें ऐसा ठराव. तलवारीनें भांडून दोहींकडचीं माणसें सरत आलीं, तेव्हां शहाण्यांनीं तलवार ठेविली आणि चेंडू घेतला. खेळ सोपा. एकानें चेंडू फेकावा, दुसऱ्यानें फळीनें टोला हाणावा, आणि तीन ठाणीं धावून घरठाण्यास परत पोंचला म्हणजे एक फेरी जाहली. टोला अधांतरीं झेलला, मग झेलणारा हद्दीच्या दोरापलीकडे कां पडेना, तर गडी बाद, तीन बाद जाहले म्हणजे डाव सरला. मैदानांत जागा नऊ, जागांचे मानकरी नऊ, आणि मान वतनी. बापाचें ठाणें पोरास, पोराचें नातवास. चेंडू दिसो अगर न दिसो. आणि मानकरी जखमी पडला तर त्याचे जागीं मुतालिक उभा करावा, मुतालिकानें मानकऱ्याचाच अंगरखा ल्यावा, चोपदारानें पुकारा मानकऱ्याचेच नांवें करावा, आणि दप्तरांतही तेंच नांव चढवावें, ऐसी चाल. कोणीं घातली तें ठाऊक नाहीं. ज्यांस फायद्याची त्यांणींच घातली असेल.

तिसऱ्या ठाण्याचे मानकरी रायभानजी दळवी. छाती रुंद, मिशी त्याहून रुंद, स्वारी पालखींतून मैदानांत यावयाची. त्यांचे मागें कट्ट्यावर निंबाजी उबाळे म्हणोन एक गडी अकरा वर्षें बसून होता. अकरा वर्षांत त्यानें फळीस तेल लाविलें, पखालीनें पाणी भरलें, मानकऱ्यांचे जोडे उन्हांतून सावलींत आणि सावलींतून उन्हांत ठेविले, आणि बसल्या जागीं एक काम आणिक केलें तें कोणास दिसलें नाहीं. त्यानें पाहिलें. कोणता फेक्या वेगाचा चेंडू टाकण्यापूर्वीं टाच घासतो, कोणता दमला म्हणजे डावा खांदा पाडतो, हें सर्व त्यास तोंडपाठ जाहलें. मानकऱ्यांस सांगावें तर मानकरी म्हणत, "पाणी आण."

कार्तिकांत पहिल्याच सामन्यांत रायभानजी ठाण्यावर घसरत गेले आणि गुडघा फिरला. मग आठवड्यानें फेकण्याचे मानकऱ्यांचा खांदा उतरला, मग मधल्या ठाण्याचे मानकऱ्यांचा अंगठा मोडला, मग एक घोड्यावरून पडले, आणि एक मेजवानींत इतकें जेविले कीं वैद्यानें पंधरा दिवस आडवें केलें, तेंही दप्तरांत जखम म्हणोन लिहिलें. नवांपैकीं पांच गेले. कारभारी दाजीपंत कपाळास हात लावून कट्ट्यासमोर उभे राहिले, आणि ज्यांजकडे अकरा वर्षें पाहिलें नव्हतें त्यांजकडे पाहिलें, आणि म्हणाले, "उठा रे. काय आहे ते आहे."

जें होतें तें ऐसें होतें. फेकण्याचे जागीं एक कुंभार आला, त्याचें मनगट चाकावर मुरलेलें, चेंडू असा फिरवी कीं फळीपाशीं येऊन वळे. मधल्या ठाण्यास एक मेंढपाळ, तो पळत्या चेंडूमागें सुटलेल्या कोकरामागें धांवावें तैसा धांवे. आणि तिसऱ्यास निंबाजी. त्यांस नांवें होतीं, पण कोणी घेत नसे. फेके, मधले, तिसरे, ऐसीच हाक. तेही एकमेकांस तसेंच म्हणत. आणि ह्या मंडळीनें कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ ओढून नेला, चौदा सामन्यांपैकीं अकरा जिंकिले, आणि मुलूख तोंडांत बोट घालून राहिला. आणि प्रत्येक विजयीं चोपदार आवजी रुप्याची काठी आपटून ओरडे, "तिसऱ्या ठाण्याचे धनी, रायभानजी दळवीऽऽ!" आणि लोक पालखीवर फुलें उधळीत, आणि रायभानजी गुडघ्यास लेप बांधून पालखींतून हात हालवीत. सामना सरला म्हणजे निंबाजीनें अंगरखा उतरून परटाकडे द्यावा. अंगरख्यास रायभानजींच्या अत्तराचा वास, आणि बाह्या चार बोटें लांब. मग उघड्या अंगानें विहिरीवर जाऊन आपला आपण घाम धुवावा. लोकांचा लोंढा शेजारून जाई, "काय मारला आज रायभानजींनी!" म्हणत, आणि त्याचेच खांद्यास धक्का देऊन "बाजूला हो रे" म्हणे.

हेंही त्यानें सोसलें असतें. अकरा वर्षें सोसणारास चार महिने काय. परंतु त्याचा बाप तुळोजी. सहा वर्षांपूर्वीं त्याचे डोळे गेले. चिंचेच्या फांदीची फळी करून निंबाजीस पहिला टोला शिकविला तो ह्यानेंच. तो चार कोस चालत, शेजाऱ्याचे खांद्यावर हात ठेवून, प्रत्येक सामन्यास येई आणि मैदानाचे कडेस लिंबाखालीं बसे. त्यास दिसावयाचें नाहीं, त्याचा खेळ काय तो कानाचा. आणि कानांत नांव यावयाचें दुसऱ्याचें. सामना सरल्यावर तो विचारी, "आज तरी खेळलास?"

"खेळलो की आबा. ते दोन टोले माझेच."

"चोपदार तर रायभानजी म्हणाला."

"चाल आहे आबा तशी. सांगितलं नव्हतं का? अंगरखा त्यांचा, म्हणून नाव त्यांचं."

मग बाप काठी चांचपून घराकडे निघे. आणि माघांत एके दिवशीं, भाकरी मोडतां मोडतां, अगदीं मायेनें म्हणाला, "निंबा, पाणी भरतोस तर पाणी भरतो म्हण. त्यात लाज कसली? लोकांना पाणी लागतंच की." निंबाजीनें हातची भाकरी खालीं ठेविली. आपले हातचे फोड दाखवावे तर पखालीनेंही फोड येतात. शपथ घ्यावी तर ज्यास शपथेवर पटवावें लागतें त्याचा विश्वास आधींच गेला. त्या दिवसापासून तो मैदानांत नवांमध्यें उभा असे आणि एकटाच असे.

फाल्गुन शुद्ध दशमीस शेवटला सामना आला. सकाळीं बाप म्हणाला, "आज शेवटचा येतो. पुढल्या साली नाही. दुसऱ्याचं नाव ऐकायला चार कोस पाय कशाला तोडू?" आणि लिंबाखालीं जाऊन बसला.

सामना असा जुंपला कीं पहावयास आलेल्या मुलखाच्या महाराजांनीं विडा तोंडांत धरला तो चावावयाचें विसरले. नववा डाव, शेवटली बारी, शेजारचा मुलूख एका फेरीनें पुढें, ह्यांचे दोन गडी बाद. दुसऱ्या ठाण्यावर फेके, पहिल्यावर मधले, दोघेही धांवण्यास टपलेले, आणि पाळी तिसऱ्याची. एक खरा टोला बसावा आणि दोघे घरीं यावे, कीं निशाण यांचें. चोपदारानें काठी आपटली. "तिसऱ्या ठाण्याचे धनी, रायभानजी दळवीऽऽ!" निंबाजी कट्ट्यावर बसला होता, तो बसूनच राहिला. नियम ऐसा कीं तीन पुकाऱ्यांत गडी उभा न राहिला तर बाद.

दाजीपंत धांवत आले. "अरे ऊठ की! ऐकू येत नाही काय?"

"येतं की पंत. रायभानजींना बोलावतायत. ते तिकडं पालखीत आहेत."

"ही काय थट्टेची वेळ आहे?"

"थट्टा चार महिने चालली होती, पंत. आता मी नुसता बसलोय. ज्याचं नाव पुकारलं तो येऊ द्या."

चोपदारानें दुसरा पुकारा केला. रायभानजी पालखींतून मान बाहेर काढून ओरडले, "माझ्याकडं काय बघता? गुडघा आहे हा, भोपळा नव्हे! पुकारा ना काय त्याचं ते. माझं काय जातं? दप्तरात तेवढं माझं राहू द्या म्हणजे झालं."

दाजीपंतांनीं महाराजांकडे पाहिलें. महाराजांनीं विड्यासकट मान हालविली. मग पंत चोपदारास म्हणाले, "पुकार याचं." चोपदार आवजी काठी उचलून उभा, उचलूनच राहिला. म्हणाला, "काय पुकारू जी?" तेव्हां पंतांस कळलें कीं आपणांसही ठाऊक नाहीं. पंत दप्तरदाराकडे वळले, दप्तरदारानें वही मागें पुढें चाळिली आणि मान हालविली. पंत मैदानांत हातवारे करून ओरडले, "फेके, याचं नाव काय रे?" कुंभार दुसऱ्या ठाण्यावरून म्हणाला, "आम्ही त्याला तिसरे म्हणतो जी." मेंढपाळास विचारिलें, तो म्हणाला, "तिसरेच." परटास विचारिलें, तो म्हणाला, "अंगरखा दळव्यांचा, एवढं माहीत." ऐसें सर्वांस विचारून जाहलें. ज्याचें नांव त्यास मात्र कोणी विचारीना.

मग तोच उठला आणि म्हणाला, "मला विचारा की. तोंड आहे मला. निंबाजी. तुळोजी उबाळ्याचा निंबाजी."

चोपदार आवजीनें काठी आपटली, आणि त्यास काय वाटलें कोण जाणे, पुऱ्या छातीनें पुकारा केला, "तिसरें ठाणें, निंबाजी तुळोजी उबाळेऽऽ!" लिंबाखालीं म्हातारा काठी टेकून उभा राहिला. तोंड भलत्याच दिशेस होतें, पण उभा होता. निंबाजीनें तें पाहिलें, अत्तराचा अंगरखा उतरून कट्ट्यावर ठेविला, आणि उघड्या अंगानें फळी घेऊन घरठाण्यास गेला.

शेजारच्यांचा फेक्या कसलेला. परंतु निंबाजीस ठाऊक, हा मंद चेंडू टाकण्यापूर्वीं खालचा ओठ पुढें काढतो. पहिला चेंडू सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्यास ओठ पुढें आला, आणि निंबाजीनें एक श्वास थांबून अकरा वर्षें त्या टोल्यांत घातलीं. आवाज ऐसा जाहला कीं दोन्हीं मुलखांचे लोक उठून उभे राहिले. चेंडू गेला, कुंभार धांवला, मेंढपाळ धांवला, चेंडू हद्दीच्या दोरावर आला, आणि तेथें शेजारच्यांचा एक काटकुळा गडी पाठ करून धांवत होता, त्यानें उडी घेतली, दोरावरून पलीकडे पडला, आणि पडल्या जागेवरून हात वर केला. हातांत चेंडू.

सामना गेला, निशाण गेलें. महाराज विडा थुंकून उठले. दप्तरदारानें टांक शाईंत बुडवून लिहिलें, "रायभानजी दळवी, झेलबाद." तों रायभानजी पालखींतून ओरडले, "माझं नाव काढा तिथून! मी कुठं खेळलो?" आणि पंत म्हणाले, "खरंच आहे. पुकारा उबाळ्याचा झाला." दप्तरदारानें नांव खोडलें, वर निंबाजी उबाळे लिहिलें, सुवाच्य अक्षरांत, बापाच्या नांवासकट, कानामात्रा न चुकतां. चार महिन्यांच्या अकरा विजयांत नांव सांपडलें नाहीं. हारीस तें चटकन सांपडलें.

निंबाजी घरठाण्यावर उभा होता. जवळ कोणी आलें नाहीं. मग तो मैदान ओलांडून, ओरडणाऱ्या परक्या लोकांतून, दोरापाशीं गेला. तो काटकुळा गडी कोपर खरचटलेला बसून होता, अंगीं ढगळ अंगरखा, बाह्या चार बोटें लांब. पलीकडे त्यांचा चोपदार कोण्या सरदाराचें नांव पुकारीत होता, आणि फुलें एका पालखीवर पडत होतीं. निंबाजीनें विचारिलें, "नाव काय तुझं?"

तो बावरला. "पुकारतायत की ते..."

"ते नव्हे. तुझं."

"गोंदजी," तो म्हणाला, आणि लांब बाही वर सारून, "गोंदजी खताळ. का?"

"झेल चांगला घेतलास, गोंदजी."

परततां कट्ट्यावर कुंभार एकटाच फळ्या गोळा करीत होता. निंबाजीनें त्यास विचारिलें, "फेके, तुझं नाव काय रे?" कुंभार म्हणाला, "भिवा. आज आठवण झाली होय?" निंबाजीनें मान खालीं घातली. चार महिने खांद्यास खांदा लावून उभा होता, आणि पुसलें नव्हतें त्यानेंही.

मग बापाचा हात खांद्यावर घेऊन चार कोसांची वाट धरिली. कोसभर म्हातारा काठीनें वाट चांचपीत चालला. मग म्हणाला, "टोला खरा होता. चिंचेच्या फांदीवर असाच वाजायचा." आणि मग, "माघात मी काय म्हणालो होतो, ते सोड." आणि मग, "झेलला कोणी?"

"गोंदजी खताळांनी."

"चोपदार तर भलतंच काहीतरी ओरडत होता."

"हो आबा," निंबाजी म्हणाला. "त्यांच्याकडंही चाल तीच आहे."

येणेंप्रमाणें हंगाम समाप्त जाहला. पुढल्या कार्तिकीं रायभानजींचा गुडघा बरा जाहला, ते ठाण्यावर आले, आणि निंबाजी कट्ट्यावर बसला. दोन मुलखांचीं दोन दप्तरें आहेत, दोहोंत त्या दिवसाची नोंद आहे. एकांत मारणाराचें नांव खरें, दुसऱ्यांत झेलणाराचें खोटें. म्हणोन येथें लिहून ठेविलें: टोला निंबाजी उबाळे यांचा, झेल गोंदजी खताळ यांचा, आणि त्या वेळीं दुसऱ्या ठाण्यावरून धांवत होता तो भिवा कुंभार. मेंढपाळाचें नांव विचारावयाचें राहिलें.