नातं नोको, नाव सांगा

उकंडराव मास्तर कोणालाही भेटले की रामराम करायच्या आधी एकच प्रश्न विचारत, "बायकोचं नाव काय तुमच्या?"

आज हा प्रश्न साधा वाटेल. एकोणीसशे छप्पन साली आमच्या मुलखात तो विचारणं म्हणजे विकतचं दुखणं होतं. बायको नवऱ्याचं नाव घेत नसे, नवरा बायकोचं घेत नसे, आणि तिसऱ्यानं विचारलं तर सरळ हाणामारी. आर्णीच्या बाजारात एका गाडीवानानं या प्रश्नापायी मास्तरांच्या पाठीत दोन काठ्या हाणल्या. मास्तरांनी खाली पडलेली टोपी उचलली, झटकून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "मारलं त मारलं. आता नाव सांग." तो बिचारा ओशाळला. इकडेतिकडे पाहून पुटपुटला, "गोदावरी." मास्तरांनी ते तिथंच लिहून घेतलं. गाडीवान आमच्या गावचा होता, म्हणून तो मार कामी आला.

आर्णीपासून तीन कोसांवरच्या आमच्या गावात दोन मास्तरांची शाळा होती. पहिले मास्तर ते, दुसरा मी. मी बाभुळगावकडचा. पंचावन्न साली बदली होऊन बायकोसह आलो आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो. मास्तर एकटे होते. त्यांची बायको आम्ही येण्याच्या दोनेक वर्षं आधी वारली होती. स्वतः भाकरी थापत, अंबाडीची भाजी रांधत आणि ती खारट झाली की आमच्याकडे पाठवून देत.

त्यांच्या नावाचीही एक गंमत होती. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि उकंडा नाव ठेवलं. असल्या पोराला दृष्ट लागत नाही म्हणतात. कोणी बायकोचं नाव सांगायला लाजलं की मास्तर छाती पुढं काढून म्हणत, "माह्यं नाव उकंडा. मले लाज नाही वाटत, अन् तुले गंगा सांगाले लाज वाटते?"

हे वेड त्यांना लागलं मतदारयादीपायी. बावन्न सालच्या पहिल्या निवडणुकीच्या यादीत आमच्या गावातल्या बहुतेक बायका 'गोविंदाची माय', 'नामदेवची बायको', 'पाटलाची सून' अशाच लिहिल्या होत्या. नातं म्हणजे नाव नव्हे, असं वरून आलं आणि त्या सगळ्या ओळींवर काट मारली गेली. आता दुसरी निवडणूक आली होती आणि यादी नव्यानं होत होती. मुदतीच्या आत नावं गेली नाहीत तर त्याच बाया मागच्यासारख्या पुन्हा मतदानाच्या दारातून परत जाणार होत्या. मास्तरांनी ठरवलं होतं की आपल्या गावातून या खेपेला एकही बाई परत जाणार नाही. सरकारनं त्यांना हे काम सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर इतकं केलं असतं की नाही, याची मला शंकाच आहे.

त्यांच्याजवळ एक जाड वही होती. वर लफ्फेदार अक्षरात लिहिलं होतं, 'आमच्या मतदारसंघाचा इतिहास'. मास्तर अभिमानानं सांगत, "आपला मतदारसंघ मोठा नामी हाय. जागचा इंचभर हलला नाही, अन् पयली निवडणूक झाली मध्यप्रदेशात, दुसरी होऊन राह्यली मुंबई राज्यात!" बासष्ट साली तिसरी महाराष्ट्रात झाली तेव्हा हे वाक्य त्यांनी मोठ्या समाधानानं पुरं केलं. मला वाटायचं, वहीत उमेदवार असतील, मतं असतील, कोण पडलं ते असेल. पाहिली तर तसलं काही नाही. नुसती बायांची नावं, ओळीनं. पहिलं पान तेवढं दुमडून बाभळीच्या डिंकानं चिकटवलेलं.

"मास्तर, यात निवडून आलेला माणूस कुठं आहे?" मी विचारलं.

"निवडून कोन आलं ते सरकार लिहिते," मास्तर म्हणाले. "परत कोन गेलं ते कोन लिहीन?"

"आणि हे पहिलं पान?"

"चिकटलं ते," असं म्हणून त्यांनी वही काखेत मारली.

रोज शाळा सुटली की ते घरं हिंडत. दाराशी उभं राहून आरोळी देत, "नातं नोको, नाव सांगा!" आतून बांगड्या वाजत, हसू फुटे, पण नाव काही बाहेर येत नसे. आलं तरी पंचाईत असे. एकीनं माहेरचं सांगितलं, सासूनं सासरचं सांगितलं आणि दोघी मास्तरांना मध्ये ठेवून भांडल्या. नामदेव नावाचा एक शेतकरी होता. बायकोचं नाव विचारल्यावर तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "अवं." हाच शब्द तो तिला बारा वर्षं हाक मारायला वापरत होता. मास्तर म्हणाले, "लेका, अवं नाव असते काय? मंग साऱ्या गावाच्या बायका अवंच हाय!"

बंजाऱ्यांच्या तांड्यावर उलटंच झालं. तिथं विचारायला म्हणून मास्तर गोरबोलीतलं एक वाक्य घोकून गेले होते, "तारो नाम कांई?" तांड्यातल्या म्हाताऱ्या याडीनं, म्हणजे आईनं, कमरेवर हात ठेवून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पयले तुह्यं सांग." मास्तर म्हणाले, "उकंडा." सगळा तांडा पोट धरून हसला आणि मग धुरपती, जमनी, सोनकी, चांदी अशी नावं भराभर आली. गावच्या चावडीवर महिन्यात झालं नाही ते तांड्यावर एका दुपारी झालं.

सर्वांत टणक निघाले पाटील. "आमच्या घरच्या बायांची नावं चावडीवर वाचाची काय?" म्हणून त्यांनी दार लावलं. मास्तर रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागले. बोलत काही नसत, नुसती वही उघडून बसत. सहाव्या दिवशी पाटील बाहेर आले. नातवाची पाटी आणलेली. तिच्यावर त्यांनी 'गजराबाई' असं लिहून मास्तरांच्या डोळ्यांपुढं धरलं आणि लगेच थुंकी लावून पुसलं.

आता माझी फजिती सांगतो. एके दिवशी मास्तर माझ्याच दाराशी उभे राहिले.

"बायकोचं नाव?"

"मास्तर, तुम्हाला ठाऊक आहे की!"

"ठाव असनं येगळं, सांगनं येगळं. सांगा."

मी शिकलेला माणूस, पोरांना दाही दिशांची नावं तोंडपाठ करून घेणारा. पण जीभ उचलेना. कसंबसं ओठांत म्हणालो.

"मोठ्यानं!" मास्तर ओरडले.

तेवढ्यात चुलीजवळून आवाज आला, "वत्सला! लिहा जी मास्तर. यायच्या भरवशावर राह्यले त निवडनूक होऊन जाईन." मास्तर एवढे खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथं वत्सलेला कामाला लावलं. त्या दिवसापासून मास्तर दारात आणि वत्सला चुलीपाशी, अशी दोन्ही बाजूंनी गावाची कोंडी झाली.

एक म्हातारी मात्र दोघांनाही पुरून उरली. गोविंदाची माय. तिला नाव विचारलं तर ती लाजली नाही, गोंधळली. "मले कोनी नावानं हाकच नाही मारली रे बाप्पा कवापासून," ती म्हणाली. "आठवतो मी. थांब दोन दिवस." तिसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना ती काठी टेकत शाळेत आली आणि दारातूनच ओरडली, "मास्तर, आठवलं! मले चिमणी म्हनत!" अख्खा वर्ग हसला. मास्तरांनी पोरांना उभं केलं आणि म्हणाले, "पोट्टेहो, चिमणाबाईले रामराम करा." पोरांनी रामराम केला. म्हातारी पदरानं डोळे पुसत गेली.

मुदतीच्या आदल्या दिवशी मास्तर यादी घेऊन दारव्ह्याला तहसील कचेरीत गेले. मीही बरोबर होतो. कारकुनानं यादी पाहून परत केली. म्हणाला, "असं एकट्यानं लिहून चालत नाही. प्रत्येकीचा अंगठा पाहिजे. उद्या संध्याकाळपर्यंत."

मला वाटलं, संपलं. मास्तरांनी फक्त विचारलं, "उद्या कचेरी किती वाजता बंद होते जी?" आर्णीपर्यंत मोटार आणि पुढं तीन कोस पायी, असे आम्ही दिवेलागणीला परत आलो. वत्सलेनं शाळेची शाईची दौत घेतली आणि घरोघर जाऊन अंगठे घेतले. सकाळी तांडा झाला. पाटलीणबाईंनी तर पाटलांना न विचारताच अंगठा दिला. ती शाई काही जाईना, आठवडाभर गावातल्या भाकरींवर निळी बोटं उमटत होती.

दुसऱ्या दिवशी कचेरी बंद होण्याच्या तासभर आधी आम्ही कारकुनापुढं उभे होतो. त्यानं एकेक कागद उलटला आणि मान डोलावली. मग सहज म्हणाला, "मास्तर, साऱ्या गावच्या बाया आल्या. तुमच्या घरचं नाव नाही दिसत?"

मास्तर म्हणाले, "पानी कुठं हाय पेयाले?" आणि बाहेर निघून गेले. मास्तरांची बायको वारल्याचं कारकुनाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण वर्ष-दीड वर्ष शेजारी राहून त्या बाईचं नाव मलाही माहीत नाही, हे त्या क्षणी ध्यानात आलं.

मतदान आमच्याच शाळेत झालं. आम्हा दोघांना मतदानाच्या कामावर घेतलं नव्हतं, म्हणून मास्तर वही आणि पेन्सिल घेऊन समोरच्या कडुनिंबाखाली बसले. परत जाईल तिचं नाव लिहायला. रांगेत पहिली चिमणाबाई. आत केंद्राधिकारी नागपूरकडचे होते, आवाज खणखणीत. ते यादीतलं नाव मोठ्यानं वाचत आणि ते बाहेर कडुनिंबापर्यंत ऐकू येई. चिमणाबाई. गोदावरी. धुरपती. जमनी. गावच्या पुरुषांनी शेजाऱ्यांच्या बायकांची नावं पहिल्यांदाच ऐकली. 'गजराबाई' असा पुकारा झाला तेव्हा पाटील जमिनीकडे पाहत उभे होते, पण हलले नाहीत. त्या वेळी उमेदवारागणिक वेगळी पेटी असे. चिमणाबाईनं कोणालाही वाईट वाटू नये म्हणून सगळ्या पेट्यांना कुंकू लावलं आणि मत कशात टाकलं ते कोणाला सांगितलं नाही.

उन्हं उतरली. रांग संपली. एकही बाई परत गेली नाही. मास्तरांच्या वहीचं त्या दिवसाचं पान कोरंच राहिलं. मी म्हणालो, "मास्तर, जिंकलात." ते हसले नाहीत.

वत्सला बोटावरची शाई पाहत त्यांच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आता त दाखवा जी, पयल्या पानावर काय हाय ते."

मास्तरांनी वही मांडीवर घेतली. मग त्यांनी अंगठा ओला करून डिंक सोडवला आणि पान उलगडलं. वर लिहिलं होतं, 'पहिली निवडणूक. परत गेल्या त्या.' खाली पुष्कळ ओळी होत्या आणि सर्वांत वरची ओळ होती, 'मास्तराची बायको.'

"ते यादी म्याच लिहिलती," मास्तर म्हणाले. "गाववाले सांगत तसं लिहीत गेलो. माह्या घरची पाळी आली. चावडीवर सारे बसले होते. मले लाज वाटली. मीबी तसंच लिहिलं." त्यांनी पेन्सिल वहीत ठेवली. "लग्नातलं लुगडं नेसून आलती. सकाळपासून रांगेत उभी होती. आत गेली अन् परत आली. घरी येईपावतर काही बोलली नाही. दारात आल्यावर म्हने, मले नाव हाय जी. तुमाले ठाव नाही काय?"

पुढच्याच साली ती तापानं गेली.

बाईचं नाव विचारत काठ्या खाणारा हा माणूस स्वतः एकदाच लाजला होता, आणि त्याची भरपाई दारोदार करत हिंडत होता. वत्सला हळूच म्हणाली, "काय नाव होतं जी त्यायचं?"

मास्तरांचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही.

"मोठ्यानं सांगा, मास्तर," वत्सला म्हणाली.

मास्तर उभे राहिले. टोपी नीट केली आणि वर्गात हजेरी घेताना लावत त्या आवाजात म्हणाले, "द्वारका! द्वारकाबाई उकंडराव!"

आवाज थेट शाळेत गेला. केंद्राधिकारी यादी हातात घेऊन दारात आले. "द्वारकाबाई कोण? या, या. अजून दहा मिनिटं आहेत."

मास्तर दारापर्यंत चालत गेले आणि त्यांनी हात जोडले.

"परत गेली जी ते," ते म्हणाले. "मांगच्या बारीले."